संकटकाळी कोणाला कळवावे

नोंदणी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला घरातला फॉर्म दाखवू नये. त्रिवेणीला हे ठाऊक होतं. पण फॉर्मवर वडिलांचा फोन नंबर हवा होता, आणि रविवारी बोट सुटणार होती.

बोट म्हणजे 'सत्यवती', तिघांनी मिळून घेतलेली एक जुनी शिडाची बोट. ती विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला जायची होती. त्रिवेणी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करायची आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी हैदराबादच्या हुसेनसागर तलावात शीड ओढायला शिकायची. बोटीचा प्रमुख कुलदीप हा नौदलातून निवृत्त झालेला आणि बोलणं मोजून वापरणारा माणूस होता. त्याने कामं वाटून दिली तेव्हा त्रिवेणीच्या वाट्याला बीकन आला.

बीकन म्हणजे थर्मासएवढा पिवळा डबा, वर एक लवचिक काडी. बोट बुडाली की तो तरंगतो, पाणी लागलं की आपोआप चालू होतो आणि उपग्रहामार्फत आपला क्रमांक बचाव केंद्राला कळवतो. विमानातही याचाच भाऊबंद बसवलेला असतो. केंद्रातला माणूस तो क्रमांक यादीत शोधतो, ज्याच्या नावावर असेल त्याच्या घरी फोन करतो आणि विचारतो, तुमचं माणूस खरंच समुद्रावर आहे का? म्हणून आधी नोंदणी करायची.

"नोंदणी हवी, आणि नोंदणीतले दोन्ही फोन उचलले गेले पाहिजेत," कुलदीप म्हणाला होता. "नाहीतर तू किनाऱ्यावरून हात हलव."

सोमवारी संध्याकाळी हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, त्रिवेणीने लॅपटॉप उघडला. मुकुंदरावांनी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसला. निवृत्त झाल्यापासून एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कोणी पाहिला नव्हता.

"फी किती?"

"फी नाहीये, बाबा."

"स्टॅम्प?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाहीत."

"मग ही नोंदणी नव्हे. वहीत नाव लिहून ठेवणं झालं." त्यांनी तरीही पेन्सिल घेतली. "वाच पुढे."

"बोटीचा रंग. पांढरा."

"नुसता पांढरा? पट्टा-बिट्टा? आणि चतुःसीमा कुठंय?"

"बाबा, बोटीला चतुःसीमा नसते. चारी बाजूंना समुद्र असतो."

"मग तसं लिही ना. पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र. उद्या कोणी हरकत घेतली तर?"

"कोण घेणार हरकत? मासे?"

बीकनचा पंधरा अक्षरी क्रमांक मुकुंदरावांनी तीनदा ताडून पाहिला, तिन्ही वेळा तो बरोबर निघाला, आणि त्यामुळे त्यांचा संशय वाढला. 'जहाज की विमान' या प्रश्नावर त्यांनी मूळ खरेदीपत्र मागितलं. सव्वा तासाने दोघं शेवटच्या रकान्यापाशी आली. संकटकाळी कोणाला कळवावे. नावं दोन.

पहिलं नाव मुकुंदरावांचं, याबद्दल वादच नव्हता. दुसरं त्रिवेणीने टाइप करायला घेतलं. प्रणिता. ही तिची मैत्रीण, नारायणगुड्याला राहणारी, इस्पितळात नर्स, दुसऱ्या रिंगला फोन उचलणारी.

तेवढ्यात चतुराबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "दादाचं नाव कुठंय?"

"कुठल्या दादाचं?"

"माझा दादा. तुझा मामा."

"आई, ही लग्नपत्रिका नाहीये."

"नावं छापतायत ना त्यात? मग झालं. दोनच नावं होती, त्यातलं एक त्या प्रणिताचं होतं, असं दादाला कळलं तर तो पाय ठेवेल का या घरात?"

हा प्रश्न पोकळ नव्हता. एका चुलत बहिणीच्या लग्नात भगवंतरावांचं नाव पत्रिकेत एका धाकट्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं होतं. त्या घरचं पाणी ते पुढे सहा वर्षं प्यायले नाहीत.

"पण मी समुद्रावर जातेय हे मामांना माहीतच नाही! तुम्हीच त्यांना सांगितलंय, ऑफिसच्या कामाला विशाखापट्टणमला चाललीय म्हणून."

"ते मग सांगू हळूच. आधी नाव तर टाक. पत्रिकेत घालताना विचारतं का कोणी?"

त्रिवेणीने मदतीसाठी वडिलांकडे पाहिलं. मुकुंदरावांनी पेन्सिलीने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. "मामाचा मान आहे. कायद्याने मला हरकत दिसत नाही."

प्रणिता पुसली गेली. भगवंतराव, दिलसुखनगर, मोबाइल नंबर. त्रिवेणीने बटण दाबलं, आणि वादाच्या एक शतांश वेळात नोंदणी झाल्याचं पत्र आलं. मुकुंदरावांनी त्याच्या तीन प्रती काढल्या.

बुधवारी सकाळी त्रिवेणी ऑफिसला गेल्यावर चतुराबाईंच्या मनात आलं की पोरगी एवढ्या लांब पाण्यावरून जाणार, आणि तिला राखणारी वस्तू तशीच खोक्यात पडून आहे. या घरात मिक्सरलासुद्धा कुंकू लागल्याशिवाय चटणी वाटली गेलेली नाही. त्यांनी बीकन खोक्यातून काढला. तो एका प्लास्टिकच्या खोबणीत घट्ट बसवलेला होता. खोबणीत आहे तोवर तो झोपलेला असतो. पण देवाला कव्हरसकट कोण पुजतं? त्यांनी तो खोबणीतून सोडवला, ताम्हनात उभा केला, हळद-कुंकू वाहिलं आणि वर पळीभर पाणी घातलं. मग आणखी एक पळी.

बीकन लुकलुकू लागला.

"अहो, बघा तरी!" चतुराबाई म्हणाल्या. "पावला!"

मुकुंदरावांनी पेपरातून मान वर केली, चांगलं आहे म्हणाले आणि मान परत खाली घातली. उन्हाचं दर्शन व्हावं म्हणून चतुराबाईंनी ताम्हन बीकनसकट गॅलरीत तुळशीपाशी नेऊन ठेवलं. मोकळ्या आकाशाखाली बीकनचं काम आणखीच चोख झालं.

दहा मिनिटांत मुकुंदरावांचा फोन वाजला. नंबर परगावचा होता.

"मुकुंदरावजी बोल रहे हैं? त्रिवेणी आपकी बेटी हैं? इस वक्त कहाँ हैं?"

सोसायटीच्या ग्रुपवर मुकुंदराव रोज चार ध्वनिफिती ऐकायचे. तुमची मुलगी अडचणीत आहे, असं सांगून लोकांना लुबाडणाऱ्यांच्या. एवढ्या तयारीच्या माणसाला शेवटी कोणीतरी फोन केला होता. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"का? पार्सल सापडलं का तिच्या नावाचं?"

"पार्सल नहीं सर. बचाव केंद्र से बोल रहा हूँ. 'सत्यवती' नाव से संकट का सिग्नल आया है."

"असं! बोट बुडाली?"

"वही पूछ रहे हैं, सर."

आता मुकुंदरावांनी ठेवणीतली दख्खनी काढली. "हौला समझे क्या मियाँ मेरेकू? बोट रविवार को जाती, तुम बुधवार को डुबाते? इकत्तीस साल सब-रजिस्ट्रार था मैं. खोटे दस्त लाने वालों के बापां को देखा मैं. रख फोन!"

त्यांनी नंबर ब्लॉक केला. पाच मिनिटांनी दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज आला. तोही ब्लॉक केला. मग दोन्ही नंबर 'सावध राहा' असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. एकोणीस जणांनी हात जोडले.

केंद्रातला माणूस आपलं काम नियमाने करत होता. मालकीण म्हणून त्रिवेणीचा नंबर त्याने आधीच लावला होता, पण ती मीटिंगमध्ये होती आणि फोन बॅगेत मुका पडलेला. पहिल्या नावाने ब्लॉक केलं. आता त्याने दुसरं लावलं.

भगवंतरावांचा दिलसुखनगरला कोचिंग क्लास होता. ते कुठलाही फोन उचलायचे, कारण कुठलाही फोन अॅडमिशनचा असू शकतो.

"त्रिवेणी? माझी भाची! हो, विशाखापट्टणमलाच जायचं होतं तिला. पण बोट कसली?"

"सर, सिग्नल विशाखापट्टणम से नहीं, हैदराबाद के बीच से आ रहा है. हिमायतनगर के आसपास. हम भी हैरान हैं. वहाँ पानी है क्या कोई?"

भगवंतराव फळ्यापाशी उभे होते. हिमायतनगरजवळचं पाणी म्हणजे काय हे हैदराबादेत जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यांच्या हातातला खडू पडला.

"हुसेनसागर," ते म्हणाले. "बुडाली पोरगी."

शिकवणी जागेवर सोडून ते ऑटोत बसले. बहिणीला हे फोनवर कसं सांगायचं, म्हणून तिला फोन केला नाही. बुडालेल्या माणसाला फोन करायचा नसतो, म्हणून त्रिवेणीलाही नाही. हुसेनसागरच्या बांधावर, टँकबंडला उतरून ते बोटिंगच्या खिडकीशी घुसले, आणि "आपंडी! आपंडी!" असं तेलुगूत ओरडत त्यांनी प्रवाशांनी भरलेली बोट धक्क्यावरच थांबवली. आतल्या सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून पाण्यात डोकावायला सुरुवात केली. तरंगताना काही दिसतंय का, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

मीटिंग संपल्यावर त्रिवेणीने फोन पाहिला. अनोळखी नंबरचे सहा कॉल. सातवा वाजत होता. तिने ऐकून घेतलं, माफी मागितली, चालू स्थितीतला बीकन घरात आहे हे कळून स्वतःच्या कपाळावर हात मारला, आणि आईला फोन लावला.

"आई, त्या डब्याला पाणी लावलंस का?"

"पूजा केली ग. किती छान चमकतोय! शेजारच्यासुद्धा बघून गेल्या."

"आत्ताच्या आत्ता पूस तो. कोरडा कर आणि खोबणीत घाल."

"कुंकू पुसू? अशुभ नको बोलू, जायच्या तोंडावर."

"आई, वरून उपग्रह बघतोय!"

"मग बघू दे की. चांगलंच आहे."

"बचाव केंद्राचा माणूस बाबांना फोन करून दमला!"

चतुराबाईंनी गॅलरीतूनच ते वाक्य मुकुंदरावांना ओरडून सांगितलं. मुकुंदरावांनी फोन हातात घेतला, ब्लॉक केलेले दोन नंबर पाहिले, आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा संदेश काढून टाकायला गेले. तो सत्तेचाळीस जणांनी पुढे पाठवला होता.

संध्याकाळी सगळे एकत्र आले. भगवंतराव आत आले ते चिखलाने भरलेल्या बुटांनिशी, आणि त्रिवेणीचा फोन येऊन गेला होता तरी भाची समोर जिवंत पाहून आधी रडले, मग चिडले.

"मला न विचारता माझं नाव टाकलं?"

"मान म्हणून टाकलं रे, दादा," चतुराबाई म्हणाल्या.

"मान? अर्धा तास त्या तळ्यात मान घालून उभा होतो मी!"

"ठीक आहे मामा, काढते तुमचं नाव," त्रिवेणी म्हणाली.

"काढते?" भगवंतराव खुर्चीतून उठले. "आता काढणार? क्लासमधल्या पोरांना सांगून बसलोय मी, उपग्रहात माझा नंबर आहे म्हणून!"

कुलदीपचा फोन त्याच वेळी आला. झाला प्रकार त्रिवेणीने त्याला आधीच कळवला होता. तो चारच वाक्यं बोलला. एकाने केंद्राला ब्लॉक केलं, दुसरा तळ्यात शोधायला गेला. समुद्रात ही चूक झाली तर माणसं जातात. शुक्रवारपर्यंत मी दोन्ही नावांना अनोळखी नंबरवरून फोन करणार, कधी ते सांगणार नाही. एक जरी चुकला तरी तुझ्या जागी दुसरं माणूस येईल.

त्रिवेणीने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. "बाबा, तुमचंही नाव काढते. प्रणिता आणि चिन्मय, ऑफिसातला. दोघंही फोन उचलतात."

मुकुंदरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर त्यांनी हरकती काढल्या होत्या. आज हरकत त्यांच्यावर होती, आणि ती रास्त होती.

"काही झालं तर पहिल्यांदा त्या चिन्मयला कळणार?" ते म्हणाले. "आणि तो मला सांगणार?"

"बाबा, चार वर्षं थांबलेय मी. तुम्ही अनोळखी माणसाचं ऐकूनच घेत नाही."

"ऐकीन."

"आणि शिव्या नाही द्यायच्या."

"नाही देणार."

"लिहून द्या," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी खरंच लिहून दिलं.

पहिलं नाव तसंच राहिलं. दुसऱ्या जागी प्रणिता आली. मामांना ते सांगितलं नाही.

गुरुवारी मुकुंदरावांनी सव्वीस फोन उचलले. एका प्लॉटवाल्याला, कार्डवाल्याला आणि चुकून लागलेल्या एका सासूबाईंना आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि मुलीचं नाव सांगितलं. फोन घेऊन ते न्हाणीघरात गेले, साबणाच्या हाताने उचलला. शुक्रवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून कोणीतरी विचारलं, "त्रिवेणी कुठल्या बोटीवर आहे?" आणि मुकुंदरावांनी एका श्वासात सांगितलं, "सत्यवती, पांढरा रंग, माणसं तीन, चारी दिशांना समुद्र." पलीकडचा माणूस म्हणाला, "ठीक है, अंकल."

रविवारी बोट सुटली. पहिल्या संध्याकाळनंतर किनाऱ्याची रेंज संपली आणि त्रिवेणीचे मेसेज थांबले. पोर्ट ब्लेअरला सात दिवस लागतील असं ती म्हणाली होती, वारा असला तर.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. परगावचा नंबर. चतुराबाई हातातली भाजी तशीच धरून दारात आल्या.

"हॅलो. मी मुकुंदराव. बोट बुडाली का?"

"सर? नो सर, आपको प्री-अप्रूव्ड पर्सनल लोन..."

मुकुंदराव खुर्चीत बसले. "मग बोला," ते म्हणाले. "सावकाश बोला."

त्या माणसाने व्याजदर, हप्ते आणि अटी असं सगळं समजावून सांगितलं. मुकुंदराव मध्ये मध्ये हूं म्हणत राहिले. शेवटी त्यांनी त्याचे आभार मानले.

"कोण होतं?" चतुराबाईंनी विचारलं.

"कर्जवाला."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.