कोपरापासून मनगटापर्यंत

मित्रांनो, माझं काम ऐकून आधीच नाक मुरडू नका. मी हाडं मोजायची एक जुनी फळी आहे. एका टोकाला पक्की उभी पट्टी, दुसरीकडून सरकत येणारा ठोकळा आणि अंगभर कोरलेल्या रेषा, एवढाच माझा संसार. "बाजारात मासे मोजायचेत का?" असं मला घडवणाऱ्या सुताराने विचारलं होतं. खरं कळल्यावर बिचाऱ्याने पुढचं सगळं काम अंग चोरून उरकलं. पण रंधा असा मारला, की आजही माझ्या अंगावर कुसळ सापडायचं नाही.

माझी खोली लांबट, शांत होती. दुपारचं ऊन टेबलावर पसरलं की मला सारखी डुलकी लागायची. रानात, नदीकाठी, पडक्या विहिरीत नाव नसलेली माणसं सापडायची आणि त्यांची हाडं माझ्याकडे यायची. मांडीचं हाड पट्टीला टेकवायचं आणि ठोकळा हलकेच सरकवायचा. हाडाच्या लांबीवरून माणूस केवढा उंच असेल याचा अंदाज निघतो, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. मग त्या उन्हात तो माणूस मला उभा राहिलेला दिसायचा. कुणी दारातून वाकून जाणारा, कुणी गर्दीत टाचा उंचावणारा. चेहरा मात्र कुणालाच नसायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

आमच्या डॉक्टरीणबाई तेव्हा कामाला नव्या होत्या. "अशी फळी शोधून सापडायची नाही," असं त्या म्हणाल्या की मी मनातल्या मनात फुगायचे.

एकदा एक आजी आली. तिचा मुलगा ऐन तारुण्यात घरातून निघाला तो परतलाच नव्हता. त्यालाही आता जमाना लोटला होता. डोंगरकड्याखाली काही हाडं सापडली होती. ती त्याची आहेत का, एवढंच तिला हवं होतं.

"केवढा होता तो, आजी?" बाईंनी विचारलं.

"माझं डोकं त्याच्या हनुवटीला टेकायचं, पोरी. रागवायचं म्हटलं तरी मान वर करावी लागायची."

बाईंनी तिला भिंतीशी उभं करून तिची उंची घेतली आणि वर वीतभर मिळवली. हाड मात्र याहून चार बोटं उंच माणूस सांगत होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मी माझ्या शब्दाला पक्की होते.

"जुळत नाही, आजी. हा तुमचा मुलगा नसावा."

म्हातारी हसायला लागली आणि हसता हसता रडली. "म्हणजे आहे कुठेतरी माझं लेकरू. मी म्हणतच होते." हाडं पुन्हा 'अनोळखी' लिहिलेल्या खोक्यात गेली. बाईंनी तिला पाणी दिलं. पाणी पिता पिता ती बोलत राहिली. "आला की आधी वरच्या मांडणीवरचे डबे काढून घेईन त्याच्याकडून. पूर्वी माझ्याच हाताला लागायचे. आता स्टूल घ्यावं लागतं. मांडणीच वर सरकली की काय, देव जाणे."

बाईंचा चेहरा उतरला. मांडणी कुठेच सरकली नव्हती. वय झालं की पाठीचा कणा दबतो आणि माणूस खाली येतो. आजीची आजची उंची धरून बाईंनी तेव्हाचा मुलगा मोजला होता. आता त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? म्हातारी खुशीत घरी गेली असती. खरं सांगते मित्रांनो, मलाही वाटलं, जाऊ दे तिला.

"आजी, जरा बसा," बाई म्हणाल्या. "तुमचा हात द्या."

म्हातारपणी हाताची हाडं आखूड होत नाहीत. बाईंनी ठोकळा बाजूला काढला, तिचं कोपर पट्टीला टेकवलं आणि हात माझ्यावर ठेवला. जन्मात पहिल्यांदाच माझ्या अंगावर ऊबदार हाड आलं होतं. कातडीखाली नाडी चालली होती. मनगटाच्या उंचवट्यावर बोट ठेवून बाईंनी खालची रेषा वाचली. त्या रेषेतून एक तरुण, ताठ आई उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून तिचा लेक. चार बोटांचं अंतर मिटलं होतं.

"उंची जुळतेय, आजी. माझं चुकलं होतं. पण नुसत्या उंचीवरून माणूस ठरत नाही. तुमचं रक्त या हाडांशी ताडून पाहू."

आजीने हात काढला नाही. "आधी नाही म्हणालीस तेच बरं होतं गं," ती म्हणाली. मग खोक्याकडे बघत म्हणाली, "पण मग तो खोक्यात एकटाच राहिला असता, नाही का?"

रक्तानेही तेच सांगितलं. आजी आपल्या मुलाला घेऊन गेली.

आता नवी यंत्रं आली आहेत. मी कपाटावर धूळ खात असते आणि माझी तक्रार नाही. कुणी फडकं मारलं तर बरं वाटतं, एवढंच. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं, वाकलेलं माणूस असेल, तर त्याला आजच्या उंचीवरून मोजू नका. जवळ बसा, त्याचा हात हातात घ्या. तुम्हाला कडेवर घ्यायला तो हात पुढे व्हायचा ना, तेव्हा होता तेवढाच लांब तो अजूनही आहे.