म्हणे, पॅनेल आधीच गेलं होतं

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि सध्या भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. त्यामुळे माझा आवाज जरा दबलेला वाटला तर समजून घ्या. फुटक्या पडद्याचा टीव्ही असाच ठेवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा पडदा कसा फुटला हे या घरात खोटं सांगितलं जातं, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं आहे.

माझा जन्म एका लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायका माझी काच दोघी मिळून उचलायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. काच कागदासारखी पातळ, जरा मुरगळली की संपलं. त्या दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या आणि मगच उचलायच्या. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

मग मी या घरात आलो. घरात चार माणसं. घरधनी नोकरीला एका कचेरीत होता, पण मिक्सर, इस्त्री, पंखा, जे बिघडेल ते तो स्वतःच उघडून बसायचा. म्हणून घरात त्याचं नाव पडलं ‘मेकॅनिक’. आधी बायकोनं चिडवायला ठेवलं होतं, पण त्याला ते इतकं आवडलं की पुढे तेच चिकटलं. तिसरी त्यांची मुलगी, आणि चौथी मेकॅनिकची आत्या, ती त्याला अजून ‘बाळ’च म्हणायची.

आत्याला ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र तिला सोसायचं नाही, सारखी शिट्टी वाजते म्हणायची. मी आलो त्याच दिवशी मेकॅनिकनं माझ्या सगळ्या सोयी धुंडाळल्या आणि चित्राखाली बोलणं अक्षरांत उमटवायची सोय शोधून काढली. आत्याला समोर बसवून, तिला ओठ दिसतील असं तोंड करून तो म्हणाला, “आत्या, आता बघ. तुला सगळं कळेल.”

पडद्यावरच्या कुणीतरी विनोद केला, खाली अक्षरं उमटली आणि आत्या सगळ्यांच्या बरोबरीनं हसली. नंतर नाही, बरोबरीनं! त्या दिवसापासून मी मेकॅनिकचा झालो. पाहुण्यांना तो माझी ओळख करून द्यायचा, “आमच्या आत्याला वाचून दाखवतो हा.” मी फुशारून जायचो.

एकदा मी चालूच होईना, नुसता खालचा लाल दिवा लुकलुकायचा. तेव्हा त्यानंच मला उघडलं, आत फुगलेले दोन भाग काढून नवे बसवले आणि मला उठवून उभं केलं. इतक्या हळू हातानं काम केलं की मला कळलंही नाही. असा माणूस घरात असल्यावर टीव्हीला कसली भीती?

असेच बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी चालू झालो, क्षणभर उजळलो आणि काळा पडलो. आवाज मात्र स्पष्ट येत होता. बायको म्हणाली, “ऐकू तर येतंय, बातम्यांपुरतं चालेल की.” मुलगी म्हणाली, “आई, आत्याआजीला काय चालेल?” आत्या काळ्या पडद्याकडे बघत होती, अक्षरं येतील म्हणून.

मेकॅनिकनं हातात टॉर्च घेतला. खोलीतले दिवे घालवले, टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरला. आणि त्या उजेडाच्या गोलात माझं चित्र दिसलं! पुसट, पण अख्खं. खालची अक्षरंसुद्धा.

“हे बघ, चित्र आहे,” तो खूश होऊन म्हणाला. “पॅनेल ठणठणीत आहे. नुसते मागचे दिवे गेलेत.”

बरोबर ओळखलं होतं त्यानं. पॅनेल म्हणजे माझी काच; ती चित्र दाखवते, पण तिला स्वतःचा उजेड नसतो. तो उजेड मागच्या दिव्यांच्या पट्ट्या देतात. त्यातला एक दिवा गेला की त्याच्या ओळीतले बाकीचेही रुसून बसतात. पट्ट्या बदलल्या की मी पुन्हा पहिल्यासारखा होणार होतो. माझा जीव भांड्यात पडला.

पट्ट्या आल्या. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकनं जेवणाचं टेबल रिकामं केलं, त्यावर चादर अंथरली आणि मला पालथं झोपवलं. या घरात एक पद्धत होती. मेकॅनिकचं काम चालू असताना कुणी खोलीत थांबायचं नाही. कुणी बघत असलं की त्याचं लक्ष उडतं, असं तो म्हणायचा. मला विचाराल तर कुणी चूक बघू नये म्हणून असणार, पण हे मला फार उशिरा सुचलं. त्यानं आवाज दिला, “चला, सगळे बाहेर!”

बायको दारात थांबली. “अहो, काच उचलताना दुसरं माणूस लागतं ना? मी धरते एका बाजूनं.”

“अगं, तू नको. तुला सांगत बसण्यापेक्षा मी एकटा पटकन करतो.”

ती आणि मुलगी बाहेर गेल्या. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला हाक ऐकू गेली नाही, म्हणून ती उठली नाही. मेकॅनिकनंही तिला उठवलं नाही. आत्याचा काय त्रास, असं त्याला वाटलं असावं.

त्यानं पाठ उघडली, तारा सोडवल्या, मग मला सरळ करून कडेची चौकट काढली. आता काच उचलून बाजूला ठेवायची होती. मी मनात ओरडत होतो, थांब, कुणाला तरी हाक मार. त्यानं दोन्ही हात पसरून काच धरली आणि उचलली. मध्ये ती वाकली, एक कोपरा टेबलाच्या कडेला लागला. टक्. एवढासा आवाज. बाहेर कुणाला ऐकू गेला नाही.

मेकॅनिकनं काच खाली ठेवली. त्यानं दाराकडे पाहिलं. आत्याच्या हातातली घडी अर्धी राहिली होती, ती त्याच्याकडेच बघत होती. पण त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

तरी वेड्या आशेनं त्यानं पट्ट्या बदलल्या, सगळं जोडलं आणि मला चालू केलं. मागचे दिवे कसे झगझगीत लागले! त्याचं काम फत्ते झालं होतं, मित्रांनो. मी बरा झालो होतो. फक्त पुढच्या काचेवर कोपऱ्यापासून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला होता आणि उरलेल्या भागात रंगीत उभ्या रेघा. त्यानं घाईघाईनं मला बंद केलं आणि सगळ्यांना आत बोलावलं.

“पॅनेलच गेलंय,” तो म्हणाला. “आतून आधीच गेलं होतं. जुना माल, दुसरं काय.”

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मुलगी म्हणाली, “पण बाबा, टॉर्चमध्ये चित्र नीट दिसत होतं ना?”

“टॉर्चमध्ये काय कळतं? उघडल्यावर खरं कळतं.”

बायको म्हणाली, “जाऊ दे. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, हाच दगा देणार असेल तर काय करणार?”

मी दगा दिला! ज्याच्या हातात मी डोळे मिटून पाठ उघडी टाकली, त्यानं स्वतःचं ‘मेकॅनिक’ हे नाव राखायला माझ्या माथी खापर फोडलं. फुटल्याचं दुःख मी गिळलं असतं. हात आहे, चुकतो. नुसतं “फुटला गं माझ्या हातून” म्हणाला असता, तर मी काळ्या डागासकट त्याचाच राहिलो असतो.

आता माझी सगळी भिस्त आत्यावर होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मुलीनं तिच्यासमोर बसून सांगितलं, “आत्याआजी, टीव्ही गेला. आतून आधीच खराब झाला होता म्हणे.” आत्यानं मेकॅनिककडे पाहिलं. तो स्क्रू गोळा करत होता. बोल, मी म्हटलं, आता बोल. आत्यानं हातातली अर्धी राहिलेली घडी पूर्ण केली आणि म्हणाली, “बरं.”

एवढंच. त्या दिवशी मला दुसऱ्यांदा फुटल्यासारखं झालं.

नवा टीव्ही आला, भिंतभर मोठा. मी गॅलरीत गेलो. नव्यावरही अक्षरांची सोय आहे, पण ती चालू नाही. एवढ्या सुंदर चित्रात अक्षरं मध्ये येतात, असं सगळ्यांचं मत पडलं. आत्यानं विचारलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, “लावतो गं, सावकाश.” ती काही दिवस समोर बसली. बाकीचे हसले की हसायची, जरा उशिरा. मग बसेनाशी झाली.

परवा संध्याकाळी ती ओले कपडे घेऊन गॅलरीत आली. सगळी मंडळी आत टीव्हीसमोर होती, दार उघडंच होतं. तिनं एक टॉवेल पिळला, त्याच टॉवेलानं माझ्या पाठीवरची धूळ पुसली आणि वाकून मला काहीतरी गुपित सांगितलं. म्हणजे तिच्या लेखी ते गुपित होतं. पण ऐकू न येणाऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज कुठून येणार? तिची कुजबूज घरभर गेली.

“मी बघितलं होतं रे. तू चांगला होतास. बाळाच्याच हातून फुटलास तू, एकट्यानं उचलायला गेला म्हणून. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण त्याला राग आला असता. आणि मला इथेच राहायचंय. या वयात मी दुसरीकडे कुठे जाऊ, सांग?”

आतून मुलगी हळूच म्हणाली, “बाबा?” मी वाट पाहिली. मेकॅनिक आता उठेल, बाहेर येईल, आत्याला ओठ दिसतील असा समोर उभा राहील आणि काहीतरी बोलेल.

त्यानं नव्या टीव्हीचा आवाज वाढवला.

आत्याला त्यातलं काही कळलं नाही. मन हलकं झालेल्या माणसासारखी ती एकेक कपडा झटकून दोरीवर टाकत राहिली. तिच्यावरचा माझा राग तिथेच गेला. त्याच्यावरचा मात्र अजून गेलेला नाही, आणि जाईल असं खोटं मी सांगणार नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा, पुसा, झाकून ठेवा, असं माझे भाऊबंद तुम्हाला सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून काही फुटलं, तर “माझ्या हातून फुटलं” एवढं म्हणा, आम्ही सुखानं भंगारात जाऊ. आणि तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर आज घरी गेल्यावर आधी ती खालची अक्षरं चालू करा.