नियोजित पंक्चर

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतोच, जेव्हा जुन्याला धरून राहायचे की नव्याचा स्वीकार करायचा, याचा निर्णय त्याला एकट्याने घ्यावा लागतो. अमरसिंगच्या आयुष्यात तो क्षण डिकीपाशी उकिडवा बसलेला असताना आला. त्याच्या अँबॅसेडरचे मागचे डावे टायर पुन्हा बसले होते. निर्णय एकट्याने घेणे मात्र जमले नाही, कारण गाडीत पाहणीला आलेले पथक होते आणि पथकातल्या चौघांचीही मते होती. टायर दुरुस्त करावे असे दोघांना वाटले, बदलावे असे दोघांना. जॅक लावावा, असे कोणालाच वाटले नाही.

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा भरवसा राहिला नव्हता, पथकांचे पीक मात्र जोमात होते. दिल्लीचे येई, मुंबईचे येई, विद्यापीठाचे येई. एक पथक तर आधीच्या पथकांचा अभ्यास करायला आले होते. या सगळ्यांना हिंडवायला भाड्याची गाडी अमरसिंगची. तिच्यात बसले की ग्रामीण वास्तव थेट कंबरेला जाणवते, असे एका प्राध्यापकांनी उतरता उतरता म्हटले होते.

गाडी यवतमाळहून दिग्रसकडे निघायची. पंक्चरवाल्या बाबुलालने ट्यूबला लावलेले ठिगळ वाटेत तापायचे आणि आंबेखडी या बंजारा तांड्याच्या वळणावर सुटायचे. प्रत्येक वेळी तिथेच. स्टेपनी होती, पण तिच्यातही हवा नसायची. ती भरायला तांड्यातल्या सुनीलचा सायकलचा पंप आणि सुनीलचे दोन्ही दंड लागायचे. तेवढा वेळ पथकाला काही काम नसायचे, म्हणून ते तांडा पाहायचे.

पहिल्या पथकाला तहान लागली. हापशाला पाणी नव्हते. दुसऱ्या दिवशी हापसा सुरू झाला. दुसऱ्या पथकातल्या बाई सावलीसाठी अंगणवाडीत शिरल्या, तर तिथेही ऊनच होते. आठवड्यात पत्रे आले. तिसऱ्या पथकाच्या अध्यक्षांचा पाय बुटासकट नालीत गेला. नालीवर फरशी पडली. इतकी वर्षे अर्ज करून जे झाले नव्हते, ते चाकातली हवा गेल्यावर होऊ लागले.

राहिले होते फक्त बसंतीबाईंचे काम. बसंतीबाई म्हणजे तांड्याचे नायक धावजी यांच्या पत्नी. दिग्रसच्या बाजारात त्या भाजी घेऊन बसत. दिग्रसची बस त्यांच्या दारावरून जाई, पण थांबे ती पुढच्या फाट्यावर. टोपली डोक्यावर घेऊन तिथवर चालत जायचे, आणि गुडघ्यांनी तर केव्हाच राजीनामा दिलेला. त्यात त्यांची जाऊ हंसाबाई हिच्या तांड्यावर हीच बस थांबत असे, हे दुखणे गुडघ्याच्या वरचे होते.

बसंतीबाई प्रत्येक पथकाला बसचे सांगत. प्रत्येक पथक मान डोलावी. पण पथकाला तहान लागू शकते, ऊन लागू शकते, त्याचा पाय घसरू शकतो. बस चुकण्याचा प्रसंग पथकावर येत नाही.

दौऱ्यांचे काम पाहणारे कमलाकरराव हे जिल्हाधिकारी कार्यालयातले जुने, सावध कर्मचारी. सगळी पथके आंबेखडीला थांबतात हे त्यांच्या लक्षात आले आणि कार्यक्रम छापताना त्यांनी ‘चहापान’ आणि ‘कापूस जिनिंगची पाहणी’ यांच्या मध्ये एक ओळ घातली: ‘पंक्चर (आंबेखडी तांडा)’. वरिष्ठांनी सही केली. मग मंडप आला, खुर्च्या आल्या, वळणावरच्या दगडांना चुना लागला.

आणि दिल्लीहून फार मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी अमरसिंगने नवे टायर टाकले.

तयारी पाहायला कमलाकरराव त्याच गाडीतून तांड्यावर आले. गाडी वळणावर येऊन नुसतीच उभी राहिली. सुनील सवयीने पंप घेऊन धावत आला आणि चाकाकडे पाहत थांबला.

“हे काय?” धावजी म्हणाले. “हवा काहून नाही गेली?”

“नवं टायर हाय, नायक,” अमरसिंग म्हणाला.

“कोणाले इचारून टाकलं?”

“आता मायाच गाडीले टायर टाकाले कोणाले इचारू? जुन्यात ठिगळावर ठिगळ बसलं. टायर नाही राह्यलं ते, गोधडी झाली.”

“मंग गोधडी का कोणी फेकून देते?”

कमलाकररावांनी घसा साफ केला. “अमरसिंग, भावना समजते. पण कार्यक्रम मंजूर आहे. पंक्चर रद्द करायचं तर मला तसं वर कळवावं लागेल. कारण काय देऊ? टायर चांगलं आहे म्हणून?”

“साहेब, नव्या टायरात खिळा ठोकू का मी? पाप लागन मले.”

“तुले पाप लागन,” बसंतीबाई मंडपातून उठून आल्या. “अन् माया गुडघ्याचं काय?”

“याडी,” अमरसिंग काकुळतीला आला. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई; तोही तांड्यातलाच, बसंतीबाईंना सगळेच तसे म्हणत. “इतके पंक्चर केले तुयासाठी, थांबली का बस?”

“ते बारके साहेब होते. हा लय मोठा हाय म्हन्तेत. याले उभाच ठेवतो मी टोपली घेऊन. समजू दे.”

“मोठा असला म्हणून का होते? गाडी तं मायीच हाय ना!”

“गाडी तुयी हाय, पंक्चर तांड्याचं हाय,” धावजी शांतपणे म्हणाले. अमरसिंगने कमलाकररावांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली.

तांड्याचा न्याय नायकाने करायचा असतो. धावजींनी चाकाभोवती एक फेरी मारली आणि न्याय दिला: जुने टायर खाली, नवे डिकीत. पंक्चर तांड्याचे, टायर अमरसिंगचे. जुन्याला हवे तर एक ठिगळ लावून आणावे, पण हलक्या हाताने.

ही शेवटची अट बाबुलालपर्यंत पोचली नाही. त्याच्यापर्यंत एवढेच पोचले की गाडीत दिल्लीचे फार मोठे साहेब बसणार आहेत. जिल्ह्याची अब्रू आपल्या हातात आहे, असे आयुष्यात पहिल्यांदाच वाटून त्याने ट्यूब घासली, पुसली, पुन्हा घासली आणि असे ठिगळ लावले की तसे त्याने आजवर कोणाला लावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर आली. लेंगीची गाणी गायला बायका आरशांच्या कांचोळ्या घालून उभ्या होत्या. सुनील पंप घेऊन तयार होता. गाडी मंडपावरून, चुन्याच्या दगडांवरून झुळकन पुढे गेली. गाणे अर्ध्यात थांबले.

“थांबव! अरे थांबव!” अमरसिंगशेजारी बसलेले कमलाकरराव ओरडले.

“कायले थांबू? हवा टाइट हाय, साहेब.”

मागून मोठ्या साहेबांनी विचारले, “क्या हुआ?”

“सर, पंक्चर.”

“हो गया?”

“होना है, सर.”

गाडी मागे घेतली गेली. अमरसिंग उतरला, चाकापाशी बसला आणि काडीने व्हॉल्व्ह दाबून हवा सोडू लागला. हवा भरपूर होती. मोठे साहेब आदराने उभे राहून ऐकत होते. ही इथली काही प्रथा असावी, असे त्यांना वाटले. शेवटचा फुसकारा निघाल्यावर त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग ते तांडा पाहायला निघाले. हापशाला पाणी होते. अंगणवाडीत सावली होती. नालीवर फरशी होती. ज्या समस्या पाहायला आलो त्या दिसत नाहीत, म्हणून त्यांचा चेहरा पडत चालला होता. इतक्यात बसंतीबाई मेथीची भरली टोपली घेऊन आडव्या आल्या आणि ती त्यांनी थेट साहेबांच्या हातात दिली.

“धरा. जड हाय ना? हे डोक्यावर घेऊन मी फाट्यावर जातो. बस इथं थांबत नाही.”

साहेबांचे हात खरोखर खाली गेले. ते गंभीर झाले. पथकांच्या इतिहासात प्रथमच कोणाला तरी टोपलीचे वजन कळले होते. बसंतीबाईंनी धावजींकडे पाहिले. धावजींनी फेट्यावरून हात फिरवला.

“यहाँ कोई गाड़ी नहीं रुकती?” साहेबांनी विचारले.

कमलाकरराव लगबगीने पुढे झाले. इतक्या दौऱ्यांची, मंडपाची, छापील कार्यक्रमाची इभ्रत पणाला लागली होती.

“रुकती है, सर,” ते म्हणाले. “हर दौरे में. आज तक एक भी नहीं चूकी.”

साहेबांचा चेहरा उजळला. “फिर अलग स्टॉप की क्या ज़रूरत?” त्यांनी टोपली बसंतीबाईंच्या हातात अदबीने परत दिली आणि गाडीकडे वळले. तोवर अमरसिंगने नवे टायर चढवले होते. पंप लागला नाही.

पथक जिनिंग पाहायला दिग्रसला गेले. पाठोपाठ दिग्रसची बसही गेली. धावजींच्या घरी त्या दिवशी मेथीची भाजी झाली.