कृत्तिकेच्या कुळातली मी

"पहिला मोठा बर्फ पडू दे, ही माहेरची वाट धरते की नाही बघ. आणि त्याच्या आधी हे धूड दारातून हलव."

सादाएबाईंनी आपल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्यांचा हात माझ्या टपावर होता. शुन्तारो नुसता 'हं' म्हणाला. त्याच्या गाडीचे हिवाळी टायर काढायला मायलेक शेडमध्ये आले होते. माझ्या काचांवर आतून वाफ धरली होती, त्यामुळे मागच्या सीटवर कोण आहे ते दोघांनाही दिसलं नाही. तिथे पाय पोटाशी घेऊन, माहेरहून आलेली बोराएवढी संत्री सोलत, त्यांची दीड महिन्याची सून बसली होती. मिओरी तिचं नाव. तोंडात फोड होती, ती चावायचीसुद्धा तिने थांबवली.

एका दमात दोघींचा निकाल लागला होता. धूड म्हणजे मी.

मी सुबारू घराण्यातली गाडी बोलतेय. नाव लेगसी. लांब पाठीची, पाच गिअरची, रंगाने कधीकाळी गर्द निळी. वय तेवीस. गाडीच्या जातीत तेवीस म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. उत्तर जपानात, गास्सान डोंगराच्या पायथ्याशी, वीस-बावीस घरांच्या एका वाडीत मी राहते. इथे बर्फ पडतो म्हणजे माणसं वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर येतात, इतका पडतो.

मिओरी माझ्याकडे का येत असे, ते सांगते. या घराच्या आतल्या भिंती कागदाच्या. सासूने स्वयंपाकघरात सुस्कारा सोडला की सुनेला तो झोपायच्या खोलीत ऐकू येतो. घटकाभर एकटं बसायचं तर जाणार कुठे? मी आपली शेडमध्ये रिकामीच. ती दार अलगद लावायची, संत्री खायची, साली नीट रुमालात बांधून न्यायची. बोलायची नाही. पण तिचं लक्ष सगळीकडे असायचं. माझ्या घड्याळाचा काटा सात मिनिटं पुढे आहे, हे घरात फक्त तिला माहीत होतं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मात्र तिने घोळ केला. उठताना सवयीने माझा हँडब्रेक ओढून ठेवला. दक्षिणेत, तिच्या माहेरी कागोशिमाकडे, गाडी उभी केली की तसंच करतात. आमच्याकडे थंडीत हँडब्रेक ओढणं म्हणजे ओले कपडे बर्फात वाळत घालणं. सकाळी माझी मागची चाकं गोठून बसली. सासरे तोकुजी गरम पाण्याची किटली घेऊन माझ्याजवळ उकिडवे बसले आणि ही मान खाली घालून शेजारी उभी.

"कोणी ओढला हा?" सादाएबाई दारातून म्हणाल्या. उत्तर त्यांना माहीत होतं.

"मीच. म्हातारपण, दुसरं काय," तोकुजी म्हणाले आणि सुनेकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या सीटवर एक लोकरी पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. त्यानंतर कधीमधी तोकुजीही पुढच्या सीटवर येऊन बसू लागले. ती संत्रं पुढे करायची, ते बोलायचे. माझ्या कुळाची कथा तिने अशी ऐकली, आणि खरं सांगायचं तर मीही इतक्या नीट पहिल्यांदाच.

तुम्ही ज्यांना कृत्तिका म्हणता, त्यांनाच इकडे सुबारू म्हणतात. माझ्या नाकावर सहा चांदण्या आहेत, एक मोठी नि पाच धाकट्या. पाच कंपन्या एकत्र येऊन एक मोठी झाली, त्याची ती खूण. आमचे पूर्वज विमानं घडवत. युद्ध संपलं, विमानं बंद झाली. मग त्यांनी आधी स्कूटर केल्या, नंतर एक इवलीशी वाटोळी गाडी केली. लोकांनी लाडाने तिला पाठीवर ठिपके असलेल्या लाल किड्याचं नाव दिलं. पण चारही पायांवर आम्हाला उभं केलं ते इथल्या, तोहोकूच्या बर्फाने.

"मी तेव्हा वीज कंपनीत नवा," तोकुजी सांगत. "तारा तुटायच्या त्या नेमक्या डोंगरात आणि नेमक्या वादळात. जायला जीप. आत हीटर नाही, बसायला पत्रा. खांबाशी पोचेपर्यंत बोटं अशी व्हायची की पाना हातात आहे की नाही ते बघून ठरवायचं. आमच्या लोकांनी विचारलं, घरच्या गाडीसारखी ऊबदार आणि बर्फात जीपसारखी चालणारी अशी काही मिळेल का? दुकानदार काय म्हणेल?"

"मिळणार नाही," मिओरी म्हणाली.

"शहाणा असता तर तेच म्हणाला असता. सेंदाईकडच्या कारागिरांनी दुसऱ्या गाडीचा मागचा आस आणला आणि सुबारूच्या पोटाखाली जोडून दिला. पुढची चाकं ओढायची, मागची ढकलायची. पुढे कंपनीने तशी गाडीच काढली. पहिल्यांदा तिच्यात बसून गेलो, तेव्हा मोजे कोरडे ठेवून खांबाशी पोचलो. आता हसू येईल तुला, पण मी रडलो होतो."

मिओरी हसली नाही. तिने आणखी एक संत्रं सोललं.

माझ्या पोटातली गंमतही त्यांनी तिला सांगितली. इतर गाड्यांच्या इंजिनात दट्टे उभे नाचतात, माझे आडवे पडून. दोन इकडे, दोन तिकडे, समोरासमोर झिम्मा खेळणाऱ्या पोरींसारखे. म्हणून माझं इंजिन बसकं आणि बूड जड. बूड जड असलेलं माणूस सहसा कलंडत नाही. त्या झिम्म्याचा ठेका कानाला जरा लंगडा लागतो. ज्याला आवडतो, त्याला तो आयुष्यभर पुरतो.

हे सगळं खरं असलं तरी माझे दिवस भरत आले होते. फेब्रुवारीअखेर माझ्या सरकारी तपासणीची मुदत संपत होती. नवी तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. आणि ती करून घ्यायची कोणासाठी? तोकुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शुन्तारोचा परवाना फक्त ऑटोमॅटिक गाडीचा, क्लच त्याने आयुष्यात दाबलेला नाही. सादाएबाई गाडी शिकल्याच नाहीत. सुनेचं विचाराल, तर तिला कोणी विचारलंच नाही. आजकालच्या पोरी सगळ्या ऑटोमॅटिकवाल्या, त्यातून ही दक्षिणेकडची, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका माणसाला फोन झाला. एका रविवारी दुपारी तीन वाजता तो मला न्यायला येणार होता.

त्याच रविवारी सकाळी दहा वाजता खाली गावात बायकांचा व्हॉलीबॉलचा सामना होता.

सादाएबाईंचं वय एकसष्ट, त्या जाळ्याशी खेळतात. इकडे बायकांच्या संघात नऊ जणी लागतात, त्यांतल्या चौघी आमच्या वाडीच्या. या चौघी गेल्या नाहीत तर संघ उभाच राहत नाही. आठ वर्षांनी संघ अंतिम सामन्यात शिरला होता. आणि आदल्या संध्याकाळपासून बर्फ थांबला नव्हता.

सव्वाआठला गावातून फोन आला, बस चढ चढत नाही. शुन्तारो म्हणाला, मी सोडतो. त्याची गाडी उंच, चौकोनी, पेट्रोल कमी पिणारी आणि फक्त पुढची चाकं फिरवणारी. कोपऱ्यावरच्या पहिल्या वळणावर ती जागच्या जागी गरगरली आणि बर्फाच्या भिंतीत तोंड खुपसून बसली. चौघी गुडघाभर बर्फ तुडवत, हातात पिशव्या घेऊन, आमच्या अंगणात परत.

"बसली का मांजर चुलीत?" चौघींतल्या एक, शेजारच्या फुमिएबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज डोंगराला ऐकू जातो. "शुन, तुझी गाडी दुकानात जायला बरी आहे. दुकान दारात असेल तर."

सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मग तोकुजींच्या डोळ्याकडे. परवाच शस्त्रक्रिया झालेली, वर पांढरी पट्टी. त्यांनी चावी उचलली, तशी सादाएबाईंनी ती हातातून काढून घेतली.

"एका डोळ्याने सात वळणं? चौघींची तेरावी एकदम घालायची आहे का?"

"मग शुनला बसव."

"बाबा, माझ्या परवान्यावर..."

"ठाऊक आहे. खेळण्यातल्या गाडीचा परवाना."

मिओरी घरात गेली. दोन मिनिटांत कोट चढवून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि आपला परवाना सासऱ्यांच्या पुढे धरला. तोकुजींनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. उलटवून पाहिला. त्यावर कसलीही अट नव्हती.

"क्लचची गाडी?" सादाएबाईंनी विचारलं.

"बाबांच्या चहाच्या मळ्यात होती. छोटा ट्रक. तोडणीच्या दिवसांत मीच चालवायचे."

"आधी बोलली का नाहीस?"

मिओरीने जरा विचार केला. "विषय निघाला नाही," ती म्हणाली.

फुमिएबाई सगळ्यांच्या आधी माझ्यात येऊन बसल्या. तोकुजींनी माझी उभी केलेली वायपरं आडवी केली आणि खिडकीशी वाकले. "दुसऱ्या गिअरात निघ. उताराला ब्रेकवर नाचू नकोस, गिअरने आवर. पळवायचं काम ही करील, थांबायचं तुझ्याकडे. बर्फावर चारही चाकं फिरवणारी गाडीसुद्धा दोनच फिरवणाऱ्या गाडीइतकीच वाईट थांबते. हे विसरलेले लोक दर वर्षी खड्ड्यातून काढावे लागतात."

तिने चावी फिरवली. माझ्या पोटात झिम्मा सुरू झाला. आणि मी हलले. काय सांगू तुम्हाला, दोन महिने शेडमध्ये बसून मला वाटायला लागलं होतं की माझं सगळं संपलं. ताजा बर्फ चाकाखाली कुरकुरला, पुढची चाकं ओढायला लागली, मागची ढकलायला, आणि तेवीस वर्षांची मी त्या वळणावरून अशी उतरले की शुन्तारो आपल्या रुतलेल्या गाडीपाशी फावडं हातात धरून बघतच राहिला.

"हळू, हळू," मागून एक जण म्हणाली.

"हळूच आहे. तुझं पोट जोरात चाललंय," फुमिएबाई म्हणाल्या.

पुढे सादाएबाई बसल्या होत्या. दोन्ही हातांनी वरची कडी धरून, पायाने नसलेला ब्रेक दाबत होत्या. पाचव्या वळणावर मागचं चाक जरा सरकलं. मिओरीने ब्रेकला पाय लावला नाही. पायाखालचा जोर थोडा सोडला, स्टिअरिंग जिकडे हवं तिकडे वळवलं, आणि मी सरळ झाले. सादाएबाईंनी कडीवरचा एक हात खाली घेतला.

नदी ओलांडली की पलीकडचा चढ. अर्ध्यावर एक मालाचा ट्रक अडकलेला. उभं राहावं लागलं, तेही ऐन चढावर, गुळगुळीत बर्फात. ट्रकवाल्याने वाट करून दिली. आता निघायचं. ब्रेक सोडला की गाडी मागे जाणार, या हिशेबाने मिओरीचा हात हँडब्रेककडे गेला. पण मी मागे गेले नाही. माझ्या काळच्या आम्हा क्लचवाल्या बहिणींची ही एक खुबी. चढावर क्लच दाबून धरला असेल तोवर आमचा ब्रेक आपणहून धरलेला राहतो. तिने खाली पाहिलं, मग समोर स्टिअरिंगवरच्या सहा चांदण्यांकडे पाहिलं, आणि गालातल्या गालात हसली. आम्ही निघालो. चाक एकदाही घसरलं नाही.

दहाला दहा मिनिटं कमी असताना चौघी व्यायामशाळेच्या दारात धावत गेल्या.

सामना मिओरीने पाहिला, मी नाही. बाहेर बर्फात उभी होते, आतून चेंडूचे धप्पे आणि फुमिएबाई ऐकू येत होत्या. शेवटचा गुण सादाएबाईंच्या हातून गेला आणि दुसरा क्रमांक मिळाला. येताना चौघी भाताचे गोळे खात, एकमेकींच्या चुका काढत, काचा धुरकट करत बसल्या होत्या. मला इतकं भरलेलं वाटून वर्षं झाली होती.

तीन वाजता रस्ता साफ झालेला होता. तो माणूस वेळेवर आला, मागे सपाट पाठीचा ट्रक घेऊन. सभ्य होता. टोपी काढून वाकला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि साखळ्या काढल्या.

आता इथली रीत सांगायला हवी. आमच्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. दातांतून हवा आत ओढायची, मान तिरकी करायची, 'जरा अवघडच आहे' म्हणायचं, आणि समोरच्याने समजून घ्यायचं. तोकुजींनी मान तिरकी केली. शुन्तारोने हवा ओढली. सादाएबाई म्हणाल्या, "आज बर्फ जरा जास्तच आहे, नाही का?" त्या माणसाला वाटलं, यांना आपल्याच त्रासाची काळजी. तो म्हणाला, छे छे, मला सवय आहे, आणि माझ्या पुढच्या आकड्यात साखळी अडकवली. सगळे बघत राहिले. कोणालाच मी जायला नको होते, आणि निव्वळ शिष्टाचारापायी मी चालले होते.

माझं मागणं फार नाही. मला काचेच्या खोलीत ठेवू नका, रविवारी पुसून फोटो काढू नका. बर्फ पडेल तेव्हा बाहेर काढा, हँडब्रेक तेवढा सैल ठेवा. ज्या गाडीला चढ मिळतो ती म्हातारी होत नाही. हे मी त्यांना ओरडून सांगितलं असतं, पण मला आवाज म्हणजे एक भोंगा.

साखळी ताणली गेली. तेवढ्यात मिओरी माझ्या आणि ट्रकच्या मध्ये येऊन उभी राहिली. पाहुण्यापुढे कमरेत वाकली, सरळ झाली, आणि मग त्याच्याकडे नाही, घरच्या तिघांकडे बघून, कागदी भिंतींपलीकडेही जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"गाडी द्यायची नाही. तपासणीला मी घेऊन जाते. मंगळवार-शुक्रवार आईंना सरावाला सोडायचं असतं, आणि त्यांनी जाळ्याशी हात जरा उशिरा उचलला म्हणून आज आपण हरलोय."