ओतिलियाचा आवाज

रशियन रणगाडे आले, त्याच्या पुढच्या वर्षी ब्लाझेय हुदेत्सने आपला सिनेमा पुरा केला आणि वरच्यांनी तो न दाखवताच कुलपात घातला. मग वीस वर्षं ब्लाझेय बीटची लागवड आणि आगीपासून बचाव असल्या विषयांवर माहितीपट काढत राहिला. बीटवरचा बरा जमलाय, असं मित्र म्हणत आणि तोही हसे. हसायला काय जातं?

आता ते वरचे खाली आले होते आणि सिनेमा राजधानीत, ब्रातिस्लाव्हात लागणार होता. ब्लाझेयला त्याचं ना सुख ना दुःख. घोर होता तो फक्त मुलीचा, व्हिएराचा.

तिची आई ओतिलिया त्या सिनेमाची नायिका. नटी कसली, पूर्वेकडच्या खेड्यात कपडे शिवणारी बाई. व्हिएरा दीड वर्षाची असताना ती न्यूमोनियाने गेली. घरात फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. पोर विचारायची तेव्हा ब्लाझेय सांगायचा, "आई सिनेमात आहे. कुलूप निघालं की ऐकशील तिला." एवढ्याने पोर गप्प व्हायची, म्हणून तो तेच सांगत राहिला.

पण सिनेमात ओतिलियाचा आवाज नव्हताच. त्या काळी आपल्याकडे चित्रीकरणाच्या वेळचा आवाज ठेवत नसत, नंतर स्टुडिओत बसून भरत. ओतिलियाची बोली पडली पूर्वेची. राजधानीतले लोक फिदीफिदी हसले असते. म्हणून हर्मिना नावाच्या नाटकातल्या बाईने तिची वाक्यं म्हटली. ओतिलियाला त्याचं काही वाटलं नाही. "घाला की तिचा आवाज," ती म्हणाली होती, "तोंड तेवढं माझं राहू दे."

हे व्हिएराला आधीच सांगायला हवं होतं. ट्राममध्ये तिने विचारलं, "बाबा, मला ओळखू येईल का हो तिचा आवाज?"

"मफलर नीट गुंडाळ," ब्लाझेय म्हणाला. "गार आहे."

पडद्यावर ओतिलियाने खिडकी उघडली आणि अंगणातल्या नवऱ्याला हाक मारली, "जेवलास का? ये, सूप गरम आहे." व्हिएराने बापाचा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ब्लाझेय उठला, वाकला, परत बसला. टाळ्या शेजारच्या घरात वाजाव्यात तशा त्याला ऐकू येत होत्या.

"मी ओळखला, बाबा," व्हिएरा डोळे पुसत म्हणाली. "पहिल्याच वाक्याला. मला वाटायचं, मला काहीच आठवत नाही. पण ती मला अशीच हाक मारायची."

आता सांगून टाकू, ब्लाझेयने ठरवलं. त्याआधी तिचा खरा आवाज एकदा मनात ऐकावा, म्हणून त्याने डोळे मिटले. स्वयंपाकघर आलं, चूल आली, ॲप्रनला हात पुसणारी ओतिलिया आली. "जेवलास का?" तिने विचारलं. आवाज हर्मिनाचा होता. त्याने तिचं एक भांडण आठवून पाहिलं. मग तापातलं तिचं शेवटचं बोलणं. तेही हर्मिनाच बोलली, स्वच्छ, राजधानीच्या भाषेत. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"असाच होता ना?" व्हिएराने विचारलं.

"असाच," ब्लाझेय म्हणाला. त्याच्याजवळही आता दुसरा नव्हता.