पिऊन दाखवलेलं पाणी

इस्तारीच्या घरची एक रीत होती. कोणी परगावी निघालं की घरची बाई गावच्या बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी लहानशा शिशीत भरून द्यायची. तिथल्या पाण्यात त्याचे चार थेंब मिसळून प्यायचे, म्हणजे परकं पाणी बाधत नाही, असा त्यांचा भरवसा. साऱ्या घराचं पोट त्या बोडीतल्या मासोळीवर चाललेलं. लेक रंजीता दिल्लीला मुलाखतीला निघाली तेव्हा तिच्या आईनं, कुंतानं, खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी भरून सोबत जाणाऱ्या नवऱ्याच्या खिशात घातली.

मुलाखत जंगलातल्या शाळांवर शिक्षिका नेमणाऱ्या संस्थेत होती. तिकिटं संस्थेनंच पाठवली होती, सोबत्याचंही. कारण रंजीताचा डावा डोळा लहानपणी धानाचं कुसळ लागून गेला होता. उजव्या डोळ्याचा भार एका भिंगावर. चष्म्यानं त्याला दिसत नव्हतं. बाहुलीवर बसवायचं ते बारकं भिंगच लागायचं. भिंग कोरडं पडू द्यायचं नाही आणि त्याला पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ठेवायचं तर बाटलीतल्या औषधातच.

नागपूरच्या विमानतळावर मोठी बॅग घ्यायला खिडकीवरच्या मुलीनं हात पुढे केला, तसा इस्तारीनं बॅगेतून भिंगाच्या औषधाची बाटली काढली.

"राहू द्या ना बाबा, बॅगेतच चालते," रंजीता म्हणाली.

"डोळ्याची चीज हाय. परक्याच्या हाती काऊन देवाची? माह्या हातात ठेवतो."

सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती आणि तपासणी कडक होती. जवानानं आधी इस्तारीची शिशी उचलली.

"इसमें क्या है?"

"पानी साहेब. गाव का."

"पी के दिखाओ."

इस्तारीनं घोट घेतला. जवानानं मान हलवली आणि शिशी परत दिली. मग त्यानं मोठी बाटली धरली. "ये भी पियो."

"सर, ये पीने का नहीं है. आँख का लेन्स रखने का है," रंजीता म्हणाली.

"तो नहीं जाएगा. वापस जाके बॅग में डालो."

बॅग तर केव्हाच आत गेली होती. मागची माणसं पुढे रेटत होती. रंजीता गोंधळली, "जाऊ द्या" म्हणाली, आणि बाटली टोपलीत पडली. भिंग ठेवायची आपली डबी तरी त्या औषधानं भरून घ्यायची होती, हे तिला पुढे गेल्यावर सुचलं.

दिल्लीच्या धुक्यानं विमान अडलं. बसून बसून रंजीताचा डोळा चुरचुरू लागला. शेवटी तिनं भिंग काढून डबीत ठेवलं. "दिल्लीत नवं औषध घेऊ," असं म्हणून ती खुर्चीतच कलंडली आणि तिला झोप लागली.

इस्तारीनं डबी उघडून पाहिली. भिंग कोरडं पडत होतं. डॉक्टरांचं पहिलं वाक्य त्याला आठवलं. दुसरंही आठवलं, पण पाणी म्हणजे नळाचं, शहराचं. बोडीच्या पाण्यानं तर लेकीचे डोळे जन्मापासून धुतले होते. आणि आत्ताच सरकारी माणसासमोर ते त्यानं पिऊन दाखवलं होतं. शिशीचं झाकण काढून त्यानं डबी भरली.

विमानाची हाक झाली तशी रंजीता उठली. डबीत बोट घातलं तर ओलं लागलं. म्हणाली, "हे कुठून आलं?"

खरं सांगितलं तर ती रागावेल, भिंग लावणार नाही, आणि आंधळ्यासारखी विमानात चढेल. "त्या साहेबाले दया आली," तो म्हणाला. "टोपलीतून काढून थोडकं देल्लं."

"पाहा बाबा! तुमी उगाच घाबरता लोकाईले." हसत तिनं भिंग डोळ्यात बसवलं.

नोकरी मिळाली. कुरखेड्याकडच्या शाळेत ती चिंचोक्यांनी अक्षरं मांडून शिकवू लागली. होळीच्या सुमारास डोळा लाल झाला. उजेड सोसवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "भिंगाला कधी पाणी लागलं होतं?"

"कधीच नाही सर," ती ठासून म्हणाली.

इस्तारी दाराशी उभा होता. बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण लेकीच्या स्वरात एवढी खात्री होती की त्याची जीभ उचलली नाही. एवढ्याशा पाण्यानं काय होतं, असं त्यानं मनाला समजावलं. डॉक्टरांनी दिलेले थेंब घेऊन ते परतले.

दुखणं वाढत गेलं. बाहुलीवर पांढरं कडं धरलं. पुन्हा नेलं तेव्हा तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही तिला दिसेना. ज्या अक्षरावरून ती रोज पोरांची बोटं फिरवायची, तेच तिला ओळखू येत नव्हतं. तेव्हा इस्तारी म्हणाला, "साहेब, पानी लागलं होतं. मी टाकलं होतं. बोडीचं."

डॉक्टरांचा हात थांबला. "पाण्यात न दिसणारा जीव असतो हो. भिंगाखाली कोंडला की डोळा खातो. त्याचं औषधच वेगळं. मागच्या खेपेला बोलला असतात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि नवं औषध लिहिलं. दुखणं थांबेल म्हणाले, पण गेलेली नजर परत येईल, असं काही ते म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर रंजीता भिंतीला टेकून उभी राहिली.

"साहेबानं देल्लं म्हन्लं होतं तुमी."

"हो माय."

"मी पोराईले त्या साहेबाची गोष्ट सांगतली, बाबा. मानसं अशी रायतेत म्हणून."

इस्तारीनं हात पुढे केला. तिला तो दिसला नाही. ती भिंतीच्या आधारानं निघाली. जिना जवळ आला तसा तो घाईनं म्हणाला, "पायरी हाय, माय. खाली पाय टाक."

ती थांबली. त्याच्या शब्दावर तिनं पाय टाकला नाही. आधी अंगठ्यानं चाचपून पाहिलं.