घरी काम उपलब्ध

एस.टी. पुरती थांबायच्या आतच तानाबाईनं भाकऱ्यांचं गाठोडं खिडकीतून आत टाकलं, पाठोपाठ पायातल्या दोन्ही चपला टाकल्या आणि जागा धरून झाल्यावर ती अनवाणीच दाराकडं धावली. फाट्यावर उभ्या असलेल्या बाकीच्या बाया तिच्यामागून एकमेकींना ढकलत चढल्या.

"सावकाश की वो. गाडी काय पळून जाती व्हय?" कंडक्टर म्हणाला.

"तुमची गाडी न्हाय पळत. सायेब पळत्यात," तानाबाई म्हणाली. "आज केस हाय आमची."

'केस' हा शब्द तिला फार आवडला होता. तो तिनं असा उच्चारला की पुढच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवून पाहिलं.

धोंडुबाई शेवटी चढली. पायरीवर असतानाच तिला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर पांढरा फेटा दिसला. फेटा घडीचा होता, लग्नाकार्यातच बाहेर निघणारा. त्याखालची वाळलेली मान तिच्या ओळखीची होती. तिचे सासरे आकाराम पहाटेच कुणाला न सांगता घरातून बाहेर पडले होते. ते डोंगराकडं गेले असतील असं तिला वाटलं होतं. ते गेले होते कोडोलीला, चालत. गाडी जिथून सुटते तिथंच जाऊन बसले होते. फाट्यावर बायांच्या घोळक्यात उभं राहायला नको म्हणून.

तिनं पदर पुढं ओढला आणि मागं जाऊन तानाबाईशेजारी बसली.

"म्हातारं साक्षीला आलंय?" तानाबाईनं कानाशी लागून विचारलं.

"बोलावणं आलंया त्यास्नी."

"काय सांगणार मग?"

"मला काय ठावं. बोलत न्हाईत."

गाडी सुटली. बायांचा गलका पुन्हा सुरू झाला. शालूबाईनं कोल्हापूर उभ्या जन्मात एकदाच पाहिलं होतं, तेही दवाखान्याच्या खिडकीतून, त्यामुळं ती प्रत्येक वळणावर "आलं का?" म्हणून विचारत होती. धोंडुबाईला मात्र सकाळपासून वेगळंच वाटत होतं. ती भीती नव्हती. जत्रेत पाळण्यात बसल्यावर पाळणा वर जाताना होतं तसं काहीतरी होतं ते.

सुगी संपली की वाडीतल्या डोंगरउताराच्या जमिनींवर पावसापर्यंत काही हलत नसे. दोन वर्षांमागं गाडीच्या चाकाखाली पाय सापडल्यापासून धोंडुबाईचा नवरा बाळासो घरात बसून होता. यंदा शाळेतल्या विमलाबाईंनी एका संध्याकाळी बायांना देवळात बसवून नवा कायदा समजावून सांगितला. काम मागायचं, पंधरा दिवसांत सरकारनं द्यायचं; नाही दिलं तर काम निघेपर्यंत बेकारभत्ता.

"कुणी मागितलं तर?" धोंडुबाईनं विचारलं होतं.

"कुणीही मागावं. तुम्हीसुद्धा."

अर्जावर पहिला अंगठा तिचाच उठला. घरात विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते तिला माहीत होतं. तिच्या सासरच्या चेचरांच्या घरातली बाई दुसऱ्याच्या बांधावर कधी कामाला गेली नव्हती, मग सरकारी कामावर मातीची पाटी उचलणं तर लांबच.

काम निघालं नाही. बायांनी भत्ता मागितला, तेव्हा चौकशीसाठी तलाठी वाडीत आला. आकाराम पारावर बसले होते, आजूबाजूला भावकीतली माणसं होती. तलाठ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या सुनेनं काम मागितलंय. घरात काम न्हाय व्हय तिला?"

आकारामांना ते तिथंच, त्या क्षणी कळलं. ते म्हणाले, "आमच्या घरात काम न्हाय, असं कवा झालंया?"

तलाठ्यानं एवढंच लिहून नेलं. तालुक्याच्या कचेरीतून शेरा आला: 'अर्जदार बाईच्या सासऱ्याच्या नावे पाच एकर जमीन असून घरी काम उपलब्ध आहे. सबब अर्ज नामंजूर.' तोच शेरा मग बाकीच्या बायांच्या अर्जांवरही उमटला. कुणाकडं एकर होता, कुणाकडं घरामागचं नुसतं परसू. विमलाबाईंनी कोल्हापूरला अपील लिहून दिलं. जमीन धोंडुबाईच्या घरी जास्त म्हणून तिची केस पहिली लागली. तिची टिकली तर सगळ्यांची टिकणार होती.

शेरा आला त्या दिवसापासून सासरा-सुनेत शब्द नव्हता. ती ताट वाढून भिंतीशी उभी राही, ते खाली मान घालून जेवत. बाळासो दोघांकडं आळीपाळीनं बघे आणि पाण्याचा तांब्या उगीचच इकडचा तिकडं सरकवी.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर बायांनी एकमेकींचे हात धरले आणि रस्ता ओलांडला, तेव्हा दोन रिक्षा आणि एक टांगा थांबून राहिला. पलीकडं पोचल्यावर शालूबाई हसत सुटली आणि तिचं हसू सगळ्यांना लागलं. चौकात पोलीस उभा होता. तानाबाई सरळ त्याच्यापुढं गेली.

"पावणं, बेकारभत्त्याची कचेरी कुठं हाय?"

"बेकार कोण?"

"आम्ही," तानाबाई म्हणाली. तालमीतल्या पैलवानानं कुस्ती मारून आल्यावर आपलं नाव सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. पोलिसानं मिशीतल्या मिशीत हसून रस्ता दाखवला.

धोंडुबाईनं मागं वळून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं आकाराम चालत होते. बाया थांबल्या की तेही थांबत आणि कुठल्यातरी दुकानाच्या पाटीकडं बघत.

कचेरीच्या व्हरांड्यात माणसंच माणसं होती. बाया भिंतीला टेकून बसल्या. बऱ्याच वेळानं दारातून शिपाई बाहेर आला आणि त्यानं पुकारा केला, "धोंडुबाई बाळासो चेचर!"

उंच छताच्या त्या व्हरांड्यात नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. धोंडुबाई उठली. इतक्या मोठ्यानं आपलं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. घरात ती 'अगं' होती, माहेरी 'धोंडे', वाडीत 'बाळासोची'. क्षणभर तिला वाटलं, या नावाची बाई कोण आहे ते आपणही बघावं.

"चल की," तानाबाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि तिच्यामागून सगळ्याच आत घुसल्या. शिपायानं अडवायचा हात उचलला, पण तोवर खोली भरली होती.

टेबलापलीकडचे साहेब वयानं तरुण होते. डोळ्यांवर चष्मा होता आणि पुढ्यात कागदांचा गठ्ठा. त्यांनी एकदा बायांकडं, एकदा गठ्ठ्याकडं पाहिलं.

"घरी काय काय काम करता, बाई?"

धोंडुबाईनं रात्रभर वेगळीच उत्तरं जुळवली होती. हा प्रश्न त्यात नव्हता.

"शेण काढायचं. पाणी आणायचं. जळण, धुणं, भाकरी," ती म्हणाली. "मालकास्नी उठवायचं, बसवायचं."

"म्हणजे काम आहे."

"हाय की," ती म्हणाली. आणि मग पाळणा एकदम वर गेल्यासारखं होऊन तिला आपलाच आवाज ऐकू आला, "पर सायेब, त्ये काम करून म्या भाकरी भाजती. भाकरीला पीठ त्या कामातनं येत न्हाय. त्ये दुसऱ्या कामातनं येतंया. त्येच मागितलंय म्या."

मागं कुणीतरी "खरं हाय" म्हणालं, मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. कारकुनानं टेबलावर पट्टी आपटली. साहेबांनी पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. ते रागावले नव्हते. पण त्यांनी गठ्ठ्यातून तलाठ्याचा कागद वर काढला आणि दाराकडं पाहत विचारलं, "आकाराम चेचर आलेत का?"

बाया आपोआप दोन्हीकडं सरकल्या. मधून आकाराम आले. वहाणा त्यांनी दाराबाहेरच काढून ठेवल्या होत्या. धोंडुबाईनं पदर पुढं घेतला आणि नजर फरशीवर लावली. फरशीच्या तुकड्यावर सासऱ्यांचे भेगाळलेले पाय येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"आजोबा, घरात काम आहे असं तुम्ही तलाठ्याला सांगितलंत?"

"सांगिटलं."

"खरं सांगितलंत?"

वर पंखा कुरकुरत फिरत होता. तानाबाईनं धोंडुबाईचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या.

"तलाठ्यानं पारावर इचारलं," आकाराम म्हणाले. "चार माणसांत. चार माणसांत माणूस काय सांगणार, सायेब?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "इथं तर चारापेक्षा जास्त माणसं आहेत."

"व्हय. म्हणूनशान हितं सांगाय आलोय. वाडीत जाऊन ह्याच सांगतील समद्यास्नी."

त्यांनी फेटा सारखा केला. मग सरळ साहेबांकडं बघून, वाडीतल्या सभेत बोलावं तशा मोठ्या आवाजात ते सांगू लागले. पाच एकर खरी, पण त्यातली तीन नुसता कातळ. उरलेल्या दोनात नाचणी. ती निघाली की पावसापर्यंत तिथं होल्यासारखं पाखरूसुद्धा उतरत नाही. बैलजोडी मुलाच्या पायापायी गेली. "आता घरात सुनेजोगं काम न्हाय. माझ्याजोगंबी न्हाय. तिनं मला न इचारता काम मागितलं." इथं त्यांनी कारकुनाकडं पाहिलं. "इचारलं आसतं तर मी जाऊ दिली नसती. न इचारता गेली, त्येच बरं केलं. ह्ये लिवा."

"एवढं सगळं लिहू?" कारकुनानं विचारलं.

"लिवा की. म्या बोललोय."

कारकुनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आकारामांनी चष्मा नाही म्हणून कागद लांब धरला, मग टेबलावर वाकून एकेक अक्षर कोरत सही केली. साहेबांनी तालुक्याचा शेरा रद्द केल्याचं सांगितलं. शेती असणं आणि काम असणं या कायद्यानं वेगळ्या गोष्टी आहेत, असं काहीतरी ते कारकुनाला सांगत राहिले. भत्ता मागच्या तारखेपासून मिळेल, बाकीच्या अर्जांनाही हाच निकाल लागू होईल, आणि वाडीच्या खालच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम मंजूर होऊन पडलंय ते पुढच्या आठवड्यात सुरू करायला कळवतो. एवढं सगळं एका दमात आल्यामुळं बायांना त्यातलं निम्मंच समजलं.

"म्हंजी जिकलो का?" शालूबाईनं विचारलं.

"जिंकलात," साहेब म्हणाले, आणि पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडू लागले.

कचेरीच्या आवारात चिंचेखाली बायांनी गाठोडी सोडली तेव्हा कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तानाबाई साहेबांची नक्कल करत होती, शालूबाई पट्टी आपटणारा कारकून झाली होती. बाकीच्या बाया धोंडुबाईला ती काय बोलली ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत होत्या, आणि दर वेळी तिला ते आधीपेक्षा अधिक आठवत होतं. तिच्या गालांवर ऊन लागल्यासारखी लाली चढली होती. हसता हसता ती मध्येच थांबली.

आकाराम कचेरीच्या पायरीवर एकटेच बसले होते. तिनं दोन भाकऱ्यांवर खर्डा घातला, कांदा ठेवला आणि जाऊन त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी भाकरी उचलली. ती परत आली.

जेवण उरकत आलं तेव्हा ते उठून पुन्हा आत गेले. काही विसरलं असेल असं तिला वाटलं. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि या वेळी पायरीकडं न जाता सरळ चिंचेकडं चालत आले. बायांनी बोलणं थांबवलं, पदर सारखे केले. आकाराम जरा अंतरावर उभे राहिले. धोंडुबाईकडं न बघता त्यांनी तानाबाईला विचारलं, "तलावाला माती उकराय लागती, का खडी फोडाय लागती?"

"मातीच की, तात्या. बाया पाट्या टाकत्यात, गडी खणत्यात."

"हां." ते चिंचेच्या बुंध्याकडं बघत म्हणाले, "कारकून म्हनला, वयाची अट न्हाय. हातपाय चालाय पायजेत." मग जरा पुढं होऊन, "कुदळ सरकारी मिळती, का घरची न्यायची?"

कुणी हसलं नाही.

"घरचीच न्यायची, मामंजी," धोंडुबाई म्हणाली. "दांडा ढिला झालाय तिचा. सांजच्याला पाचर मारून ठेवती मी."

आकारामांनी मान हलवली. शालूबाई सरकली, तिच्याशेजारची बाई सरकली, आणि सावलीत एका माणसापुरती जागा झाली.